मामा बक्षीस घेतात

"गणितात प्रथम!" भाषेचे सर माइकवरून म्हणाले आणि मामा व्यासपीठाच्या डावीकडच्या पायऱ्या चढू लागले.

गुडघा जरा कुरकुरला, पण चेहऱ्यावर गणितात पहिल्या आलेल्या माणसाचं समाधान होतं. मोठ्या बाईंसमोर ते थांबले, कमरेत वाकले, दोन्ही हात खालून पुढे केले, कप घेतला, फोटोवाल्याकडे मान वळवली आणि हसले. दिवा चमकला. मग उजवीकडच्या पायऱ्या उतरून त्यांनी कप ट्रेमध्ये परत ठेवला आणि पडद्यामागून वळसा घालून पुन्हा डावीकडे येऊन उभे राहिले.

"निबंधलेखनात द्वितीय!"

मामा पुन्हा चढले. द्वितीय असल्यामुळे या वेळी थोडं कमी हसले.

मामा शाळेच्या प्रयोगशाळेत परिचर होते. हा शब्द त्यांच्या नेमणुकीच्या कागदावर होता, तिथून तो कधी बाहेर आला नाही. शाळेत लहानापासून मुख्याध्यापिकाबाईंपर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणत. मुख्याध्यापिकाबाईंना सगळे मोठ्या बाई म्हणत, पण ते त्यांच्या पाठीमागे. बक्षीस समारंभाच्या तालमीला मुलांना बोलावलं की तास बुडतात आणि मुलं उगाच दात काढतात, म्हणून फार वर्षांपूर्वी कुणीतरी म्हणालं, "मामांना उभं करा की!" मामा उभे राहिले, आणि इतकं मन लावून उभे राहिले की ते काम कायमचं त्यांच्या गळ्यात पडलं. तेव्हापासून शाळेत दिलं गेलेलं प्रत्येक बक्षीस आधी मामांनी घेतलेलं होतं. ज्यांना पुढे जगाने डोक्यावर घेतलं असे कितीतरी विद्यार्थी या शाळेतून गेले, पण सगळ्या विषयांत दर वर्षी पहिला आलेला माणूस एकच.

प्रत्यक्ष समारंभ मात्र मामांनी कधी पाहिला नव्हता. त्या दिवशी त्यांची नेमणूक फाटकावर असे. पाहुण्यांची गाडी कुठे लावायची हे ड्रायव्हरला हातवारे करून सांगायचं, आणि नंतर त्याच्याशी गप्पा मारायच्या. टाळ्या तेवढ्या ऐकू येत.

पूर्वी हे काम हलकं होतं. बक्षिसं मोजकी होती आणि ती मोजक्याच मुलांना मिळत. मग एक शिक्षणतज्ज्ञ शाळेत येऊन बराच वेळ बोलून गेले. प्रत्येक मूल कशात ना कशात पहिलं असतंच, शाळेने ते फक्त शोधून काढायचं असतं, असं त्यांचं म्हणणं पडलं. मोठ्या बाईंनी ते मनावर घेतलं आणि शोध सुरू झाला. 'प्रगतीत सातत्य' आणि 'सातत्यात प्रगती' अशी दोन वेगळी बक्षिसं निघाली. 'प्रश्न विचारण्यातला उत्साह' यासाठी एक ढाल आली, आणि तो उत्साह ज्यांना सहन करावा लागे त्यांच्यासाठी 'ऐकून घेण्यातला संयम' अशी दुसरी. पालक खूश झाले. सभागृह भरू लागलं. मामांचे गुडघे सोडले तर कुणाचीच तक्रार नव्हती.

"विज्ञानात प्रथम!" भाषेचे सर म्हणाले, आणि त्यांनी मामांच्या लेकीचं नाव घेतलं.

यंदा ती दहावीत होती. निकाल घरी कळलेला होता, त्यामुळे हे नाव येणार हे मामांना ठाऊक होतं. तरी ते पायऱ्या चढले ते जरा घाईनेच. मोठ्या बाईंपुढे ते एवढे वाकले की त्यांच्या खिशातलं पेन व्यासपीठावर पडलं. फोटोसाठी हसले तेव्हा दिवा चमकून गेला तरी त्यांचं हसू काही आवरेना.

सभागृहाच्या खिडक्यांना मधल्या सुट्टीतली मुलं लटकलेली होती. तिकडून कुणीतरी ओरडलं, "बरोबरे! हे बक्षीस खरं मामांचंच आहे!"

खिडक्या हसल्या. मामाही हसले. विनोद आपल्यावर झाला की हसायचं असतं, हे त्यांना नोकरीच्या सुरुवातीलाच समजलं होतं. त्यातली खोच मात्र त्यांना संध्याकाळी घरी कळली.

"बाबा, आज तुम्ही माझं बक्षीस घेतलंत?" लेकीने विचारलं. तिने दप्तरही खाली ठेवलेलं नव्हतं.

"सगळ्यांचंच घेतलं."

"माझं जास्त वाकून घेतलंत म्हणे."

"वाकले तर वाकले," आतून तिची आई म्हणाली. "कंबर त्यांची आहे. शाळेची नाही."

"आई, तू थांब गं जरा." लेक मामांसमोर येऊन बसली. "वर्गात काय म्हणतात, माहितीये? प्रात्यक्षिकाच्या परीक्षेला क्षारांच्या बाटल्या मामांनी मांडल्या. कुठल्या बाटलीत काय आहे, ते घरी सांगितलं. म्हणून ही पहिली. आज तर म्हणाले, कपसुद्धा तेच घेतायत, आता ही कशाला येते स्टेजवर?"

बाटल्यांवर नुसते क्रमांक असत आणि कुठल्या क्रमांकात काय आहे ते फक्त विज्ञानाच्या बाईंना माहीत असे. मामा बाटल्या पुसत आणि ओळीने मांडत. पण हे वर्गात जाऊन कुणाला सांगणार? आणि मामांच्या तोंडून ते ऐकून घेणार कोण?

"मी बाईंशी बोलू का?" त्यांनी विचारलं.

"नको! अजिबात नको. तुम्ही बोललात की अजून वाढेल." ती थोडा वेळ दप्तराचा पट्टा ओढत बसली. "तुम्ही एवढंच करा. उद्या रंगीत तालीम आहे ना? उद्या माझं नाव आलं की जाऊ नका. बाकी कुणाचंही घ्या. समारंभात माझं मला घेऊ दे. सगळ्यांच्या समोर, मी एकटीने. त्यांना दिसू दे."

"बरं."

"नक्की?"

"नक्की म्हणजे काय! तेवढीच माझी एक फेरी वाचेल."

"आणि परवा फाटकावर थांबू नका. आत या."

मामांनी बायकोकडे पाहिलं. ती दारात येऊन उभी राहिली होती. "या म्हणतेय तर जा की," ती म्हणाली. "इतकी वर्षं गाड्या लावल्यात, एक वर्ष पाहुण्यांना लावू दे त्यांची ती."

दुसऱ्या दिवशी रंगीत तालीम झाली. साध्या तालमीत आणि हिच्यात फरक एवढाच, की हिच्यात सगळे एकमेकांवर ओरडतात. बक्षीस घेणाऱ्या मुलांना समारंभात कुठल्या क्रमाने बसवायचं, हे याच दिवशी ठरे. ते काम पीटीच्या सरांकडे होतं. भाषेचे सर निवेदनात मध्ये मध्ये कवितांच्या ओळी पेरत, त्यामुळे पीटीचे सर माइककडे लक्ष देत नसत. ते मामांचे पाय बघत. मामा एक बक्षीस घेऊन उतरले की पीटीचे सर पहिल्या रांगेतल्या पुढच्या खुर्चीच्या पाठीवर चिठ्ठी चिकटवत आणि हातातल्या कागदावरचं एक नाव खोडत. अनेक वर्षं ही पद्धत बिनचूक चालली होती.

"विज्ञानात प्रथम!" भाषेचे सर म्हणाले. पुन्हा तेच नाव.

मामा जागचे हलले नाहीत.

"मामा!"

"हं?"

"झोपलात की काय? नाव घेतलं की निघायचं. मध्ये पोकळी पडली की कार्यक्रमाचा जीव जातो, किती वेळा सांगितलंय?"

"हे नको सर. हे माझं नाही."

"आजवर कुठलं तुमचं होतं?" भाषेचे सर म्हणाले. माइक चालूच असल्यामुळे हा प्रश्न सगळ्या सभागृहाला विचारला गेला.

मामांनी यावर विचार केला. "हे तिचं ती घेईल," ते एवढंच म्हणाले.

मोठ्या बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. "राहू दे, पुढे चला. कलादालनाचं कुलूप अजून उघडायचंय."

पुढचं नाव आलं. मामा चढले, उतरले. पीटीच्या सरांनी त्यांचे पाय पाहिले आणि पुढच्या खुर्चीला पुढची चिठ्ठी लावली. कागदावरचं एक नाव न खोडता तसंच राहिलं. मोठ्या बाईंचं 'राहू दे, पुढे चला' तेवढं सरांच्या कानावर पडलं होतं; त्यांना वाटलं, हिचं रद्द झालं असेल. रद्द होतात कधी कधी.

समारंभाच्या दिवशी मामांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि फाटकाचं काम माळ्याच्या गळ्यात घालून ते पडद्याच्या डाव्या बाजूला येऊन उभे राहिले. तिथून व्यासपीठ दिसत होतं आणि सभागृहाचा अर्धा भागही. त्या अर्ध्या भागात लेक दिसत नव्हती. मामांना वाटलं, बक्षीसवाली मुलं पहिल्या रांगेत आहेत, तिथेच असेल, खांबाआड. प्रत्यक्षात ती अगदी मागे, आपल्या वर्गाबरोबर भिंतीला लागून बसली होती. पहिल्या रांगेत तिच्या नावाची खुर्ची नव्हती. पीटीच्या सरांना तिने विचारलं तेव्हा ते म्हणाले, "मागे बस. काही असलं तर बोलावू."

मुख्य पाहुणे एका मोठ्या कारखान्याचे निवृत्त संचालक होते. गुणांना आयुष्यात काही किंमत नसते, असं त्यांनी मुलांना तळमळीने सांगितलं आणि ओघात स्वतःचे सगळे गुण सांगितले, टक्केवारीसकट. मग बक्षिसं सुरू झाली.

मामा पहिल्यांदाच खरे विजेते बघत होते, आणि ते बघून त्यांचा जीव कासावीस झाला. गणितात प्रथम आलेल्या मुलाने कप एका हाताने ओढून घेतला. निबंधातल्या द्वितीयेला वाकायचं सुचलंच नाही. प्रगतीत सातत्य राखणारा मुलगा डावीकडून चढला आणि डावीकडूनच उतरला, त्यामुळे सातत्यात प्रगती करणारी मुलगी पायऱ्यांवर अडकली. "अरे, खालून हात, खालून," मामा पडद्याला सांगत होते.

"विज्ञानात प्रथम!"

आणि लेकीचं नाव. माइकवरून, भरल्या सभागृहात.

कुणी आलं नाही.

पायऱ्यांपाशी पुढची मुलगी उभी होती, पण ती 'वाचनाची आवड' होती. तिने मान हलवली. मागे कुठेतरी खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. भिंतीपाशी एक मुलगी उठली होती आणि रांगेतल्या गुडघ्यांमधून, पालकांच्या पिशव्यांवरून वाट काढत होती, पण तेवढ्या लांबचं व्यासपीठावरून कुणाला दिसत नव्हतं. भाषेच्या सरांनी नाव पुन्हा घेतलं. एक कवितेची ओळ म्हणून पाहिली. पाहुणे कप हातात धरून हसत उभे होते आणि ते हसू हळूहळू वाळत होतं.

मोठ्या बाई भाषेच्या सरांकडे झुकल्या. "गैरहजर म्हणा. पुढचं घ्या."

हे मामांना पडद्याआड स्पष्ट ऐकू आलं. भाषेच्या सरांनी माइक तोंडाशी नेला, आणि मामा पायऱ्या चढले.

ते का चढले, याबद्दल नंतर शाळेत दोन मतं पडली. लेकीवर गैरहजरीचा शिक्का बसू नये म्हणून, असं मामा स्वतः सांगत. सवय, असं बाकी सगळे म्हणत. पाय मामांचेच होते, पण त्यांनाही कुणी खोदून विचारलं असतं तर त्यांनी एकच उत्तर दिलं असतं असं नाही.

ते पाहुण्यांसमोर थांबले, कमरेत वाकले, दोन्ही हात खालून पुढे केले. इतका व्यवस्थित विजेता पाहुण्यांना त्या दिवशी पहिल्यांदाच मिळाला होता. त्यांनी कप दिला.

"अभिनंदन! पुढे काय करायचं ठरवलंय?" हा प्रश्न ते प्रत्येकाला विचारत होते.

"फाटकावर जायचंय, साहेब."

"छान, छान. ध्येय असंच मोठं ठेवा."

"मामा, मान जरा इकडे," फोटोवाला खालून म्हणाला. मामांनी मान वळवली. दिवा चमकला.

आधी पुढच्या रांगा हसल्या, मग मागच्या. मुलं खुर्च्यांवर हात आपटायला लागली. "मामा पहिले! मामा पहिले!" मामांनी समोर बघितलं तेव्हा मधल्या वाटेत, अर्ध्या सभागृहापर्यंत आलेली लेक त्यांना दिसली. ती थांबली होती. तिच्या दोन्ही बाजूंना माणसं हसत होती, आणि त्यातली काही तिच्याकडे बोट करून शेजारच्याला समजावत होती.

मामा उजवीकडच्या पायऱ्या उतरले. कप ट्रेमध्ये ठेवला. वर बघितलं तेव्हा ती वळली होती, मागे आपल्या जागेकडे चालली होती. माइकवर 'वाचनाची आवड' सुरू झाली.

रात्री जेवणं होऊन भांडी आवरून झाल्यावर लेकीने विचारलं, "कप कुठाय?"

"शाळेत."

"का?"

"ट्रेमध्ये ठेवला."

"बाबा, तो घरी आणायचा असतो."

"असतो का?" मामा म्हणाले. हे त्यांना खरोखरच माहीत नव्हतं.

तिला हसू आलं नाही. आई म्हणाली, "जाऊ दे गं. त्यांच्या मनात वाईट नव्हतं." त्यावर ती म्हणाली, "ते मला माहितीये. त्यांना कुठे माहितीये?" 'त्यांना' म्हणजे वर्गातल्या मुलांना, हे तिघांनाही कळलं. मग ती अभ्यासाला बसली. तिची पाठ मामांकडे होती. पुस्तकाचं पान बराच वेळ उलटलं नाही.

दोन दिवसांनी मोठ्या बाईंनी मामांना आणि लेकीला बोलावून घेतलं. शाळेच्या प्रवेशद्वाराशी 'गुणवंतांची भिंत' होती. बक्षीस घेतानाचे फोटो चौकटीत घालून तिथे वर्षभर लावले जात. बाईंच्या टेबलावर फोटो पसरलेले होते आणि शेजारी फोटोवाला उभा होता. त्यातल्या एकाखाली लेकीचं नाव आणि 'विज्ञानात प्रथम' असं छापलेलं होतं, आणि वर मामा हसत होते. फोटो फार सुरेख आला होता.

"हे मला भिंतीवर लावता येईल का, तुम्हीच सांगा," बाई म्हणाल्या. "तपासणीला लोक येतात. हिचा नवीन काढून घ्या."

"पाहुणे?" फोटोवाल्याने विचारलं.

"पाहुणे कुठून आणू आता? कुणाचाही हात चालेल. चेहरा कशाला यायला हवा?"

सभागृह रिकामं होतं. खुर्च्या एकावर एक रचलेल्या होत्या. भाषेच्या सरांना तास होता, पीटीचे सर मैदानावर होते. फोटोवाल्याने इकडेतिकडे पाहिलं आणि अंगातला काळा कोट काढून मामांपुढे धरला.

"घाला. नुसती बाही येईल फोटोत."

"मी?" मामा म्हणाले.

"आहे का दुसरं कुणी?"

मामांनी लेकीकडे पाहिलं. ती खिडकीबाहेर बघत होती. "घाला ना बाबा," ती म्हणाली. "लवकर आटपू दे. माझा भूमितीचा तास आहे."

कोट खांद्यात तंग आणि हातांना आखूड होता. मामा पाहुण्यांच्या जागी उभे राहिले, लेक समोर आली. फोटोवाल्याने डोळा लावला आणि पुन्हा काढला.

"मामा, काय करताय? तुम्ही देताय."

मामांनी कप दोन्ही हातांनी खालून धरून पुढे केला होता आणि कमरेत वाकले होते. लेकीनेही हात खालूनच पुढे केले होते. कप मध्ये होता आणि तो द्यायला कुणीच नव्हतं.

"ताठ उभे राहा. हात वरून. असे. आणि सोडू नका लगेच. हां. आता ताई, तू हस."

लेक हसली, म्हणजे ओठ लांब केले.

"नाही हो, मेणाचा पुतळा वाटतोय. मामा, तिच्याशी काहीतरी बोला. पाहुणे बोलतात ना काहीतरी?"

मामा ताठ उभे होते. कोटाने त्यांचा श्वास अडत होता. मोठा माणूस अशा वेळी काय बोलतो ते त्यांनी अगदी जवळून ऐकलेलं होतं, पण आता एक शब्द आठवेना. त्यांनी घसा साफ केला.

"डबा खाल्लास का?" पाहुण्यांनी विचारलं.

लेकीने त्यांच्याकडे बघितलं. आखूड कोट, वर झालेली बाही, ताठ मान, कपाळावरचा घाम. तिने ओठ दाबून धरले, पण ते जमलं नाही. ती हसली, चांगली खदखदून, खांदे हलेपर्यंत. दिवा चमकला.

"मिळाला!" फोटोवाला म्हणाला.

"नाही खाल्ला," लेक म्हणाली. कप अजून दोघांच्या हातात होता. "तुम्ही?"

फोटो मोठ्या बाईंना पसंत पडला, फक्त एक गोष्ट सोडून. कोटाच्या बाहीतून आलेली बोटं प्रयोगशाळेच्या कामाने काळी-पिवळी पडलेली होती आणि नखं झिजलेली. "पाहुण्यांचे हात असे असतात का?" त्या म्हणाल्या. "कापून घ्या तेवढं."

फोटोवाल्याने कापून घेतलं. बाही गेली, बोटं गेली, कपाचा एक कानही गेला. राहिलेला फोटो भिंतीवर लागला, आणि गणितातला प्रथम, निबंधातली द्वितीय यांच्या ओळीत वर्षभर राहिला. बाकी सगळी मुलं फोटोत कॅमेऱ्याकडे बघतायत. ही एकटीच बघत नाही. तिचं कपाकडेही लक्ष नाही. मान जराशी वर करून, चौकटीच्या बाहेर कुणाकडे तरी बघून ती हसते आहे.